बिनरिचार्जचा वाटाड्या

हरवायचं तर माणसाला जंगल लागतं, वाळवंट लागतं, निदान दाट धुकं तरी लागतं, असा माझा समज होता. माझ्या थोरल्या साडूंना पालघर पुरतं. पालघर ते बोईसर हा रस्ता असा आहे की त्यावर चुकायचं म्हटलं तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. साडूंना ते कष्टही पडत नाहीत. आम्ही बोईसरजवळ सरावलीत घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला ते स्कूटरवरून एकटेच निघाले आणि थेट मनोरला पोचले. सरावली एका दिशेला, मनोर दुसऱ्या दिशेला. हायवेवरच्या ट्रकांची रांग बघून त्यांना आपली चूक कळली असावी, पण कबूल करणं त्यांच्या रक्तात नाही. आमच्याकडे आले तेव्हा पंगत उठून गेली होती. पान वाढून घेत म्हणाले, "मनोरला जरा काम होतं." काय काम होतं ते कुणी विचारलं नाही. मी विचारणार होतो, पण बायकोनं माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मी श्रीखंड वाढायला गेलो.

याच गृहस्थांनी सगळं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला. पालघरमध्ये त्यांना सगळे सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणतो. फळ्याकडे न बघता, तोंड वर्गाकडे ठेवून, ते पाठीमागच्या हातानं आफ्रिका काढायचे आणि शेवटी एक ठिपका देऊन मादागास्कर वेगळं करायचे. मी हे डोळ्यांनी बघितलेलं आहे, कारण एकदा आमच्या घरच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं ते करून दाखवलं आणि रंगाऱ्याचा खर्च मी दिला. नाईल नदी कुठून निघते, कुठे वळते, कुणाला मिळते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. आपल्या गल्लीतून निघून भाजी मार्केटला कुठे वळायचं, एवढंच विचारू नका.

बरं, रस्ता चुकला तर माणूस चार लोकांना विचारतो. सरांना ती सोय नाही. पालघर तालुक्यात ज्याला म्हणून रस्ता विचारावा तो त्यांचा माजी विद्यार्थी निघतो. पालघरजवळच्या माहीमच्या नाक्यावर एकदा त्यांनी, फार घाम फुटल्यावर, सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईला केळव्याची वाट विचारली. बाईनं टोपली बाजूला ठेवली, पदर सावरला आणि अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर? तुमी? तुमी वाट विचारता? अवो, नकाशा चुकला म्हणून तुमी आमाला बाकावर उभं केलं हाय!" नाका हसला. तेव्हापासून सरांनी रस्ता विचारणं बंद केलं आणि पेट्रोल जास्त घालायला सुरुवात केली.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे दर महिन्याला पैसे भरावे लागतील अशी एकही गोष्ट ते घरात येऊ देत नाहीत. केबल नाही, इंटरनेट नाही. वर्तमानपत्र लावलेलं नाही. रोज सकाळी चालत जाऊन सुटं विकत आणतात, आणि वाटेत चुकतात म्हणून ते घरी यायला कधी कधी दुपार होते. दूध रोज रोख. सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाचा एकदम, एप्रिलमध्ये, खजिनदाराच्या छातीवर आदळल्यासारखा. मी एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. त्यामुळे असल्या गोष्टी मला सोसत नाहीत. मी एकदा त्यांना कागदावर मांडून दाखवलं की या पद्धतीत तुमचे पैसे वाचत नाहीत, उलट जातात. त्यांनी कागद नीट वाचला, एका बेरजेवर बोट ठेवून "बरोबर आहे" अशी शाबासकी दिली आणि म्हणाले, "पैशाचा प्रश्नच नाही हो. मासिक म्हटलं की कुणाचा तरी हात कायम आपल्या खिशात. एकदा काय ते घ्या आणि विषय संपवा."

"मग पेन्शन?" मी विचारलं. "ती दर महिन्याला चालते?"

"ती येते. मी जाणाऱ्या पैशांबद्दल बोलतोय."

मोबाइलच्या बाबतीत तर त्यांनी कंपन्यांशी युद्धच पुकारलं होतं. एके काळी नुसता येणारा फोन घ्यायला रिचार्ज लागत नसे. पुढे तोही लागू लागला, त्या दिवशी सर आमच्याकडे येऊन तावातावानं म्हणाले, "फोन करणार दुसरा, बोलणार दुसरा, बोलणं रटाळ असणार ते वेगळंच, आणि पैसे मी भरायचे?" त्यांनी सिम काढून टाकलं. फोनचा उपयोग पुढे टॉर्च म्हणून झाला. कुणाला बोलायचं असेल तर ताईंच्या फोनवर. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांचा रिचार्ज त्या स्वतः, सरांच्या नकळत करतात. त्यांनाही विषय संपवायची सवय आहे.

आता असा माणूस इतकी वर्षं घरी परत येत कसा राहिला, हा प्रश्न वाचकांना पडला असेल. त्याचं उत्तर ताई. दोघी बहिणी माहीमच्या, वाडीत वाढलेल्या. ताईंना या भागातली प्रत्येक वाट पाठ. त्या स्कूटरवर मागे बसत, एक हात सरांच्या खांद्यावर. डावीकडे वळायचं तर हात डाव्या खांद्यावर जाई, उजवीकडे तर उजव्या, आणि थांबायचं असलं की मानेवर चिमटा. तोंडानं एक शब्द नाही. दातिवऱ्यापासून डहाणूपर्यंतची लग्नं, बारशी, दिवसकार्यं या जोडप्यानं अशी केली. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे बघा, या वयातही खांद्यावरचा हात काढत नाही. प्रेम असेलही, पण हात काढला असता तर दोघं गुजरातेत गेली असती.

गेल्या दोन-तीन वर्षांत ताईंचे डोळे गेले. अगदी काळोख नाही, पण पडद्याचा आजार आहे. मधलं धूसर, कडेचं थोडं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकवू, गेलं ते येणार नाही. ताईंनी ते फार शांतपणे घेतलं. भाजी चिरतात, पुरणपोळी लाटतात, आणि स्कूटरवर मागे बसून हात खांद्यावर ठेवतात. फक्त आता त्या आठवणीनं रस्ता सांगतात. आणि आमच्याकडचा रस्ता आठवणीला उभा राहत नाही. रेल्वेची कामं, नवे पूल, नवे कॉम्प्लेक्स. ज्या चिंचेशी वळायचं ती चिंच तोडलेली, जिथे विहीर होती तिथे गाड्या धुण्याचं दुकान. मागच्या वर्षी एका बारशाला निघून दोघं दुपारभर आमच्याकडच्या दांडी गावाच्या बाजूला फिरली आणि पाळण्यातलं मूल झोपून उठल्यावर पोचली.  परतताना ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी आता नुसतं वजन झाले गं गाडीवर." हे सरांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आमच्याकडे आले. न चुकता आले, यावरूनच काहीतरी गंभीर आहे हे मी ओळखलं. (नंतर कळलं की रिक्षानं आले होते.) म्हणाले, "मला रस्ता सांगणारा फोन हवा. हळू बोलणारा. एका कानात. तिला कळता कामा नये. तिनं खांदा दाबायचा, मी फोनचं ऐकायचं, आणि पोचल्यावर म्हणायचं, बघ, तू बरोबर आणलंस."

मी म्हटलं, "उत्तम. नेटचं रिचार्ज धरून महिन्याला..."

"महिना नाही."

"सर, निदान या कामासाठी तरी..."

"तिनं मला जन्मभर रस्ता दाखवला, एक पैसा घेतला नाही. आता फोनमधल्या कुठल्या बाईला मी दर महिन्याला पगार देऊ?"

 मी अभ्यासाला बसलो. उपग्रह काही मागत नाहीत, आपली जागा फुकट सांगतात, हे मला लवकरच समजलं. पैसे लागतात ते नकाशा रस्त्यात असताना उतरवून घ्यायला. तोच नकाशा घरी बसून आधीच फोनमध्ये भरून ठेवला तर सिमचीही गरज नाही. म्हणजे फोनची किंमत एकदा, पुढे काही नाही. मी फोनांची तुलना केली: नकाशाला जागा किती, बॅटरी किती चालते, उन्हात पडदा दिसतो का, दिशा कळायचं यंत्र आत आहे का. हे शेवटचं स्वस्त फोनांत बरेचदा नसतं आणि विकणाऱ्याला ते माहीत नसतं. मी सरांना सांगितलं, यातला कोणताही घ्या. साध्या माणसानं घेतला असता.

सरांनी बोईसरची सगळी मोबाइलची दुकानं पालथी घातली. एका दुकानात तर ते इतक्या वेळा गेले की दुकानदार, जो उत्तरेकडून येऊन बोईसरला मुरलेला वयस्कर गृहस्थ होता, त्यांच्यासाठी स्टूल राखून ठेवू लागला. सर नमुन्याचा फोन घेऊन पायरीवर जात, तो दोन्ही हातांनी आकाशाकडे धरत आणि उपग्रह लागेपर्यंत प्रसाद मिळायची वाट बघावी तसे उभे राहत. आतून दुकानदार विचारी, "मास्टरजी, चाँद पर जाना है क्या?"

"केळव्याला," सर सांगत.

एकदा ते शाळेच्या प्रयोगशाळेतलं जुनं होकायंत्र आणि मला घेऊन गेले, फोन खरं बोलतोय की नाही ते तपासायला. काचेच्या कपाटावर दोन्ही शेजारी ठेवली. फोन एक दिशा दाखवी, होकायंत्र दुसरी, आणि सूर्य तिसरीकडे होता. मागे भिंतीला मोठमोठे स्पीकर लावलेले होते, त्यांतल्या चुंबकांचा हा प्रताप, हे मला लगेच कळलं, पण सरांनी गंभीरपणे होकायंत्र खिशात घातलं आणि निकाल दिला, "तुमच्या दुकानात उत्तर दिशाच नाही."

दुकानदारानं वही उघडली. "मँगवा देंगे, मास्टरजी. परसों आइए."

अखेर फोन घेतला. पुढचं काम नकाशा भरण्याचं, त्यासाठी इंटरनेट हवं, आणि ते माझ्या घरी. मी दर महिन्याला त्याचे पैसे भरतो हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "ते तुम्ही आणि तुमचं नशीब," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून पासवर्ड घेतला. मी त्यांना भारताचा भाग निवडायला शिकवलं आणि बाजारात गेलो, ही माझी चूक. परत आलो तर फोनची जागा भरून गेली होती. भूगोलाच्या माणसासमोर जगाची यादी आली होती. त्यांनी आफ्रिकेपासून सुरुवात केली. पहिल्या फेरीत फोनला काँगोतल्या पायवाटा ठाऊक होत्या आणि पालघर-बोईसरच्या मधल्या उमरोळीच्या पुढे नुसता पांढरा पडदा. आफ्रिका काढून टाकताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "निदान मादागास्कर राहू दे," म्हणाले. मी राहू दिलं. अजून आहे.

नंतर त्यांनी केला तो घोळ तर जगात दुसरा कुणी करूच शकला नसता. फोनमधला नकाशा आपण वळलो की आपल्याबरोबर फिरतो. सरांना ते अशैक्षणिक वाटलं. नकाशाची वरची बाजू उत्तर, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या डोक्यात घातलेलं. ती फिरवायची म्हणजे काय! "नकाशा फिरत नसतो. माणूस फिरतो," असं म्हणत त्यांनी उत्तर वर पक्की करून टाकली. कानातलं यंत्र अजून घ्यायचं होतं, त्यामुळे चाचणी नुसत्या डोळ्यांनी. उत्तरेकडे येताना सगळं ठीक. पण आमच्याकडून पालघरला परतायचं म्हणजे दक्षिणेला जायचं, आणि तेव्हा पडद्यावरचं डावं रस्त्यावर उजवं होतं. प्रत्येक वळणावर नेमके उलटे वळत ते एमआयडीसीत शिरले आणि एका कारखान्याच्या फाटकावर टँकरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मागेही टँकर लागला. रांग पुढे सरकत गेली. फाटकावरच्या वॉचमननं स्कूटरकडे न बघताच विचारलं, "माल क्या है?"

"भूगोल," सर म्हणाले. असं ते तरी सांगतात.

कानातलं यंत्र आलं, हेल्मेटखाली दडलं, नकाशा माझ्या सांगण्यावरून फिरू लागला (सरांनी नजर दुसरीकडे वळवली होती), आणि गुप्त योजना सुरू झाली. एक-दोन खेपा बऱ्या गेल्या. सर पोचल्यावर मोठ्यानं म्हणत, "बघ, तू बरोबर आणलंस." ताई "हं" म्हणत. मला त्या "हं"चा सूर आवडला नव्हता, पण हिशेबाच्या माणसाचं सुरांबद्दल कोण ऐकतो?

मग माहीमला ताईंच्या भावाकडे सत्यनारायण होता. दोन स्कूटरी निघाल्या. पुढे सर आणि ताई, मागे आम्ही दोघं. ताईंचं माहेर ते. या रस्त्यावर तरी त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती, असं त्यांना वाटत असणार. पण वाघुळसारच्या पुढे कुठेतरी खोदकाम होतं, नवा वळसा काढला होता, आणि मला मागून सगळं स्पष्ट दिसत होतं. ताईंचा हात डाव्या खांद्यावर गेला. गाडी उजवीकडे वळली. पुढे हात पुन्हा डावीकडे, जरा जोरात. गाडी सरळ. माझ्या मागून बायको पुटपुटली, "आता काही खरं नाही." तेवढ्यात ताईंनी मानेवर चिमटा काढला आणि सरांची गाडी जागच्या जागी थांबली. आम्ही त्यांच्यावर आदळता आदळता वाचलो.

ताई खाली उतरल्या. साडी झटकली. "काढा ते कानातलं."

"कुठलं?"

"अहो, मी डावीकडे दाबते आणि गाडी उजवीकडे झुकते. डोळे गेलेत माझे, कंबर शाबूत आहे."

सरांनी हेल्मेट काढलं. कॉपीसकट पकडलेल्या मुलासारखे उभे होते ते. कानातली बाई बारीक आवाजात सांगत होती की सरळ जा. आम्ही चौघंही ऐकत उभे राहिलो.

"ही किती दिवस आहे?" ताईंनी विचारलं.

"अगं, फुकट आहे ती," सर म्हणाले. त्यांना सुचलं ते एवढंच. "तिला महिना नाही काही."

"मलाही नव्हता."

माझ्या बायकोनं माझा शर्ट मागून ओढला. मी काही बोलणार नव्हतो, पण तिला खात्री नसते. सरांच्या हातात हेल्मेट होतं आणि ते त्याच्या आत बघत होते. मग फार हळू म्हणाले, "तू म्हणालीस ना, वजन झाले म्हणून. मला वाटलं, पोचलो की तुला वाटेल, तूच आणलंस."

  ताईंनी हात पुढे केला. सरांनी कानातलं यंत्र त्यांच्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं, आता हे शेतात जाणार. त्यांनी ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि म्हणाल्या, "तिला मोठ्यानं बोलू द्या. माझ्या नवऱ्याच्या कानात दुसऱ्या बाईनं कशाला बोलायचं? वळायचं तिला सांगू दे. बाकी सगळं मी सांगते."

"बाकी काय?"

"चला तुम्ही. कळेल."

उरलेल्या रस्त्यात आम्हाला पुढून दोन आवाज ऐकू येत होते. एक म्हणे, पुढे डावीकडे वळा. दुसरा म्हणे, इथे आमची गाय बांधायचे, इथे पावसात पाणी भरलं की शाळेला सुट्टी, इथून तुम्ही मला बघायला आलात तेव्हा चुकून शेजारच्या वाडीत जाऊन बसला होतात. "बसलो नव्हतो," सर ओरडले, "पाणी प्यायला थांबलो होतो!" फोन मध्येच बोलू लागला की ताई त्याला म्हणत, "थांब गं जरा, माझं संपू दे," आणि त्या नादात वळण मागे पडे. पोचायला उशीर झालाच. पण पोचल्यावर सर काही म्हणाले नाहीत, आणि ताईंचा "हं"ही ऐकू आला नाही. त्या भावाच्या अंगणात शिरून सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या की काय काय नाहीसं झालं.

आता नकाशा ताजा करायला ती दोघं अधूनमधून आमच्याकडे येतात. नकाशा वर्षातून एकदा केला तरी चालेल, हे मी सरांना सांगितलेलं नाही. माझं इंटरनेट, माझा चहा, आणि दर खेपेला मादागास्करवरून नवा वाद. परवा असेच आले होते. संध्याकाळ व्हायच्या आत निघाले, उजेड असलेला ताईंना बरा पडतो. सरांनी स्कूटर चालू केली, फोननं मोठ्या आवाजात पालघरची दिशा सांगितली, ताई मागे बसल्या आणि निरोपासाठी वळून त्यांनी हात हलवला. पण आमच्याकडे नाही. आम्ही फाटकाच्या या बाजूला होतो, आणि ताई पलीकडच्या खांबाकडे बघून हसत होत्या. "ताई, इकडे," असं म्हणायला बायकोनं तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला. आम्ही दोघं हलकेच सरकत जाऊन खांबापाशी उभे राहिलो, आणि तिथून हात हलवले.